पाळी थांबते तेव्हा चालायला लागा

सोलापुरात मार्च उजाडला की घामाघूम होणं कुणालाच नवं नसतं. म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायकांना आपली पाळी जायला आली आहे हे उशिरा कळतं. ऊन वाढलंय, पित्त झालं असेल, बीपी चढलं असेल, असं म्हणता म्हणता दोन उन्हाळे निघून जातात. मग एखाद्या डिसेंबरात, सगळं घर सोलापुरी चादर ओढून झोपलेलं असताना, पहाटे तीनला छातीपासून मानेपर्यंत कढ चढतो, पाठ ओली होते, काळीज धडधडतं आणि पाचच मिनिटांत हुडहुडी भरते. तेव्हा ध्यानात येतं की ही उष्णता बाहेरची नव्हती.

जुळे सोलापुरात राहणाऱ्या अशाच बायकांसाठी हे लिहिते आहे, आणि विषय एकच: चालणं. "रोज चालत जा, सगळं बरं होईल" हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो अर्धाच खरा आहे. कोणता अर्धा खरा, हे नीट कळलं तर चालणं टिकतं. ते न कळता बाहेर पडलेली बाई दोन महिन्यांत "काही फरक नाही बाई" म्हणत बूट माळ्यावर टाकते, आणि जो फरक पडायला लागला होता तोही हातचा जातो.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची थांबली असं डॉक्टर मानतात. आपल्याकडे हे पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकर होतं. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत (ती २०१६ साली प्रसिद्ध झाली) सरासरी वय ४६.२ वर्षं निघालं. अमेरिका-युरोपात ते ५१ च्या आसपास असतं. आणि खरा गोंधळ पाळी थांबण्याच्या आधीच्या काही वर्षांत असतो. कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी, कधी नुसता डाग, कधी आठ-दहा दिवस अंगावरून जात राहतं. त्यामुळे बेचाळिशीच्या बाईनेही हे आपलंच समजून वाचावं.

ज्यांची पिशवी काढली आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर जे इतरांना चार-पाच वर्षांत हळूहळू होतं ते त्यांना काही दिवसांतच होतं, मग वय पस्तीस का असेना. आपल्या साखरपट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये तरुणपणी पिशवी काढण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं की बीड जिल्ह्यातल्या शस्त्रक्रियांसाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची, वॉचमनच्या बायकोची पिशवी अशी काढलेली असेल, तर हाडांची आणि हृदयाची काळजी त्यांना तुमच्याही आधी घ्यायला हवी. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

शरीरात घडतं ते असं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी होतं, आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, बिघडलेल्या थर्मोस्टॅटच्या गिझरसारखं. एरवी अंगाचं तापमान जरासं वर गेलं तर शरीर दुर्लक्ष करतं. आता तेवढ्यानेच ते घाबरतं, कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं, घाम सोडतं. असा एकेक झटका, ज्याला बायका वाफ येणं म्हणतात आणि डॉक्टर हॉट फ्लॅश, मिनिटभर ते पाच मिनिटं टिकतो. पण हा काळ मात्र लांबतो. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या 'स्वॅन' नावाच्या अभ्यासात, ज्यांना हे झटके वारंवार येत होते त्यांना ते साधारण सात वर्षं त्रास देत राहिले. याच काळात झोप तुटते, चिडचिड होते, उगाच रडू येतं, सांधे दुखतात, पोटाचा घेर वाढतो, नावं आठवत नाहीत. हे सगळं "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावायचं नसतं.

चालण्याकडून काय मागायचं

आता स्पष्टच सांगते. चालण्याने वाफा येणं थांबेल, असं ठामपणे सांगता येईल इतका पुरावा नाही. व्यायाम आणि हॉट फ्लॅश यांवरचे आजवरचे चांगले अभ्यास एकत्र तपासले गेले आहेत, आणि त्यांतून निर्विवाद फायदा दिसलेला नाही. काहींना कमी होतात, काहींना होत नाहीत. तेव्हा वाफा कमी झाल्या नाहीत म्हणून चालणं सोडू नका. चालण्याचं काम तिथे मोजायचंच नसतं.

ते मोजायचं झोपेत. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जाग्यावर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. वाफेने जाग आली तरी परत डोळा लागणं सोपं होतं. ते मोजायचं मनःस्थितीत. नियमित चालणाऱ्यांमध्ये उदासी आणि काळजी कमी होते, हे पुरेसं सिद्ध आहे. ते मोजायचं रक्ताच्या तपासणीत. इस्ट्रोजेन असेपर्यंत स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना एक संरक्षण असतं. ते गेलं की वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, साखर आणि बीपी वर जायला लागतात. पन्नाशीनंतर बायकांना हृदयविकार होत नाही ही समजूत घराघरांत आहे आणि ती घातक आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाच्या व्यायामाची शिफारस करते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एवढं चाललात तर हृदयासाठी तुम्ही खूप काही केलंत.

हाडांचं मात्र चालण्यावर सोडून देऊ नका. पाळी थांबण्याच्या आसपासच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. सपाट रस्त्यावर सावकाश चालण्याने खुब्याच्या हाडाला थोडा आधार मिळतो, मणक्याला फारसा मिळत नाही. हाडाला भार लागतो, धक्का लागतो. म्हणून चालण्याच्या वेळेतच दोन गोष्टी घाला: अपार्टमेंटचे दोन-तीन मजले लिफ्टशिवाय चढायचे, आणि बागेतल्या बाकावरून हात न टेकवता दहा वेळा उठायचं-बसायचं. हे आठवड्यातून दोन-तीनदा. एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातांत घेऊन दंड वर-खाली केले तरी चालेल. बाकावर उठबस करताना लोक बघतील, बघू द्या. आठ-दहा दिवसांत त्यांची नजर सरावते.

जुळे सोलापुरात झाडं कुठे आहेत

घरातल्या ट्रेडमिलवर किंवा गच्चीवर चालूनही हृदयाचं काम होतं. मग बाहेर, झाडापाण्यापाशी कशासाठी जायचं? कारण या वयात मन एकाच गोष्टीभोवती फिरत राहतं. मुलाचं लग्न, सासूबाईंचं आजारपण, कुणी काय बोललं, आपण काय बोलायला हवं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये काही जणांना दीड तास झाडागवतातून आणि काही जणांना तेवढाच वेळ गजबजलेल्या रस्त्याने चालवलं. झाडांतून चालून आलेल्यांच्या मनातलं हे घोळत राहणं कमी झालं, रस्त्यावरून आलेल्यांचं झालं नाही. इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असं दिसलं की आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणारे लोक स्वतःला अधिक निरोगी आणि समाधानी म्हणवतात. ते दोन तास एकदम असोत की तुकड्या-तुकड्यांत. जपानने तर १९८२ पासून जंगलात फिरण्याला सरकारी पातळीवर उत्तेजन दिलं आहे.

आपल्याकडे तसं घनदाट जंगल नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. सोलापूरचा निसर्ग माळाचा, तळ्यांचा, कडुलिंब-बाभळीचा आहे. जुळे सोलापूरकरांना तो हाकेच्या अंतरावर मिळतो. विजापूर रोडवरचा धर्मवीर संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसं कंबर तलाव म्हणतात, तो तुमच्यातल्या पुष्कळजणींना दहा-पंधरा मिनिटांवर आहे. हिवाळ्यात तिथे काळेकुट्ट, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी पाण्यावर दिसतात, टिबुकल्या बुड्या मारतात, निळ्या-जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतींवरून लांब बोटांनी चालतात. ज्वारी भरात आली की संध्याकाळी भोरड्यांचे थवे आभाळात वळसे घेतात; ते बघायला मान वर केली की दहा मिनिटं कशी गेली कळत नाही. विजापूर रोडलाच स्मृती उद्यान आहे, सिद्धेश्वर वनविहार आहे. सावली आणि मातीची वाट हवी असेल तर वनविहार बरं, कारण गुडघ्यांना काँक्रीटपेक्षा माती मानवते. उघडी, वाहती, माणसांच्या वावराची जागा हवी असेल तर तलाव. जाण्याआधी उघडण्या-बंद होण्याची वेळ एकदा विचारून घ्या.

हेही जमत नसेल, पोहोचायला वाहनच नसेल, तर कॉलनीतल्या रस्त्यांपैकी ज्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत तो निवडा. गुढीपाडव्याच्या सुमाराला कडुलिंबाला मोहोर येतो, त्या वासातून चालणं वेगळंच असतं. त्याच दिवसांत करंजाला पोपटी पालवी फुटते, एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. रोज एकाच झाडाकडे नीट बघत जा, त्याच्यात काय बदललं ते बघा. ज्यांना ध्यानाला बसणं जमत नाही त्यांना हे जमतं.

मुख्य विजापूर रोड किंवा होटगी रोडच्या कडेने मात्र चालू नका. जड वाहनं, धूळ, धूर, भरधाव दुचाक्या. त्यात छातीत जाईल ते फायद्याचं नाही. तो रस्ता ओलांडण्यापुरताच वापरा.

वेळ

इथल्या हवामानात वेळेचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि वाफा येणाऱ्या बाईला त्या उन्हात चालायला सांगणं हा अविचार आहे. मे अखेरीस सूर्योदय ५.५० च्या सुमाराला होतो. तेव्हा साडेपाचला बाहेर पडून साडेसहाच्या आत घरात. संध्याकाळी जायचं तर सातच्या आधी नको. डांबर आणि भिंती तोवर उष्णता ओकत असतात. जानेवारीत उलट. तेव्हा सूर्य सातला उगवतो, पहाटे अंधार, गारठा, मोकाट कुत्री. साडेसातला निघालात तरी छान. पावसाळ्यात आपल्याकडे कोकणासारखी झड लागत नाही. दोन सरींच्या मधे पुष्कळ कोरडा वेळ मिळतो, फक्त चिखल आणि निसरड्या फरशा जपायच्या. या वयात मनगट आणि खुबा मोडण्याचं मुख्य कारण घसरून पडणं हेच असतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. पहाटेच्या चालण्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. ज्या किरणांनी ते कातडीत तयार होतं ते सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत नीट पोहोचतात. ओळखायची सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा. हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान दहा-पंधरा मिनिटं हात आणि मान उघडी ठेवून भाजीला पायी जा, तेवढं पुरे. उन्हाळ्यात या वेळेच्या वाटेलाही जाऊ नका. रक्ततपासणीत ड कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील त्या घ्या, नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नका.

रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली आपल्या आज्ज्या करत होत्या, आणि ती आजच्या शास्त्रालाही पटणारी आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी ती कधीच चुकवू नये. फक्त ती सकाळच्या चालण्याच्या बदल्यात धरू नका, जास्तीची धरा.

आता खरी अडचण. पहाटे साडेपाच ही घड्याळात चांगली वेळ आहे, पण घरात ती डब्याची वेळ असते. नळाला पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी तर विचारायलाच नको. सोलापुरात रोज पाणी न येण्याची सवय पिढ्यांची आहे, आणि ते भरायला जागं राहणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. त्या बाईला "स्वतःसाठी वेळ काढा" असं नुसतं सांगून उपयोग नाही.

मला एक गोष्ट सारखी जाणवते. याच घरांतल्या बायका कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चालत जातात. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. काहीजणी सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, तीही अनवाणी. तेव्हा घर अडत नाही, स्वयंपाक कुणीतरी बघतं, सासूबाई स्वतः म्हणतात, "जाऊन ये." पायात ताकद आहे, घरात सवड निघू शकते, हे तर तिथेच दिसलं. मग स्वतःच्या प्रकृतीसाठी रोज चाळीस मिनिटं मागताना जीभ का अडखळते? देवीसाठी चाललेली पावलं जेवढी मोलाची तेवढीच हीही आहेत, असं मी मनापासून मानते. ज्या घराला आई पुढची तीस वर्षं चालती-फिरती हवी आहे त्याने ही चाळीस मिनिटं द्यायलाच हवीत.

मागायची कशी? मोघम बोलू नका. "मला चालायला जायचंय" याला घर "हो, जा की" म्हणतं आणि सकाळी सगळं तसंच असतं. त्याऐवजी एक ठरावीक काम एका ठरावीक माणसाच्या नावावर करा. सोमवार-बुधवार-शुक्रवार कणीक मुलगा मळेल. भाजी रात्रीच चिरून फ्रीजमध्ये. पाण्याच्या दिवशी मोटर लावायची जबाबदारी यांची. पाण्याच्या दिवशी चालायला सुट्टी धरली तरी आठवड्यात पाच दिवस उरतात. सकाळी लवकर अजिबातच शक्य नसेल तर मुलं-नवरा गेल्यावर नऊची वेळ हिवाळ्यात उत्तम, उन्हाळ्यात संध्याकाळ.

"अक्का, घरात दिवसभर चालतेच की," हे उत्तरही नेहमी येतं. चालता, हे खरं आहे, आणि त्याने पाय दुखतात हेही खरं. पण ओट्यापासून मोरीपर्यंतचं चालणं थांबत-थांबत होतं, त्यात श्वास वाढत नाही. हृदयाला हवी असते ती सलग, थोडी दमवणारी चाल. शिवाय त्या सगळ्या फेऱ्यांत डोक्यात पुढचं काम असतं. तलावाकाठी ते नसतं.

चालायचं कसं

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, तीही रमतगमत. दुसऱ्यात वीस. महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासावर या. वेग असा की शेजारच्या बाईशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मोजायचंच असेल तर मिनिटाला साधारण शंभर पावलं. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश. मोबाइलवर दहा हजार पावलांचा आकडा गाठायचा हट्ट नको, त्यापायी गुडघे धरलेल्या बायका कमी नाहीत.

साडीत चालता येतं, उत्तम येतं, निऱ्या चार बोटं वर खोचल्या की झालं. सलवार-कमीज असेल तर सुती. अंगाला चिकटणारं सिंथेटिक कापड वाफेच्या वेळी जीव नकोसा करतं. वर एक पातळ ओढणी किंवा स्टोल असू द्या, गरम झालं की काढायला. मांड्या घासून सोलवटत असतील तर आत लांब सुती शॉर्ट्स घाला. या वयात कातडी आणि आतली नाजूक जागा कोरडी पडते, त्यामुळे हे जास्त जाणवतं. पायात मात्र चप्पल नको. साडीवर बूट कसे दिसतील ही लाज सोडून द्या. टाच घट्ट धरणारे, पुढे बोटांना मोकळी जागा असलेले बूट साधे, स्वस्तातलेसुद्धा चालतील. गंठण, मोठं मंगळसूत्र घरी ठेवून जा. पहाटे चालणाऱ्या बायकांच्या गळ्यावर दुचाकीवरून हात पडतो, आणि दागिन्यापेक्षा त्या झटक्यात खाली पडणं जास्त वाईट. दोघी-तिघींनी मिळून जा. कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या, पण उगारू नका, पळू नका.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते सांगते. चालताना, शिंकताना, चढ चढताना लघवीचे थेंब येतात म्हणून कितीतरी बायका बाहेरच पडत नाहीत. बाळंतपणांनी सैल झालेले ओटीपोटाचे तळाचे स्नायू इस्ट्रोजेन कमी झालं की आणखी ढिले पडतात. लघवी अडवताना आपण जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच सेकंद धरायचे, पाच सेकंद सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसून, झोपून, बसमध्ये, कुठेही करता येतं. तीन महिने नेमाने केलं तर बहुतेकींना फरक पडतो. तोवर पॅड लावून खुशाल चाला, निघण्याआधी लघवीला जाऊन या, आणि पाणी कमी पिण्याचा उपाय मात्र करू नका. आपल्या हवेत त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. ज्या रस्त्यावर जाता तिथे वापरण्याजोगं स्वच्छतागृह कुठे आहे ते पहिल्याच दिवशी हेरून ठेवा. नसेल तर चौघींनी मिळून नगरसेवकाकडे, महापालिकेत अर्ज द्या. बागेत व्यायामाची यंत्रं बसतात, मग हेही बसायला हवं.

चालता चालता वाफ आलीच तर थांबा. सावलीत उभं राहा, स्टोल काढा, बाटलीतलं पाणी दोन घोट प्या आणि थोडं मानेमागे, मनगटांवर लावा. सावकाश, खोल श्वास. पोट फुगेल असा. काही मिनिटांत ओसरते, मग पुन्हा चाला. पण उन्हाळ्यात एक फरक ओळखता आला पाहिजे. वाफ येते आणि जाते. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पायांत गोळे येताहेत, चक्कर येतेय, आणि हे दहा मिनिटांत कमी होत नाही, तर ती उष्णतेची बाधा आहे. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर उष्माघात समजून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

खाण्याचं थोडक्यात. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर निघण्याआधी एक केळं किंवा दोन खजूर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी हवीच. परत आल्यावर ताक किंवा ज्वारीची आंबील. गरम चहा आणि तिखट यांनी काहींच्या वाफा वाढतात. तुमच्या वाढतात का ते आठवडाभर बघा. वाढत असतील तर शेंगाचटणी भाकरीबरोबर खा, पण रात्री नको. दूध, दही, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात कुठे ना कुठे असू द्या.

आता दवाखान्याचं. काही तक्रारींचं चालण्याशी काही देणं-घेणं नसतं आणि त्यांत वेळ घालवायचा नसतो. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसला, अगदी एकदाच आणि थोडासा जरी, तरी आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचीही पहिली खूण हीच असते. पाळी सुरू असताना तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तरीही जा. चार पायऱ्यांत धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. थायरॉइडच्या बिघाडातही धडधड, घाम, थकवा असतो, म्हणून तीही तपासणी करून घ्या. चालताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, तर ते पित्त समजून ओवा खात घरी बसू नका.

आणि वाफांनी रात्रच्या रात्र जात असेल, तर त्यावर औषधं आहेत. हॉर्मोनची आहेत, त्याखेरीजची आहेत. हॉर्मोनं सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना, पायांत रक्ताची गुठळी झालेल्यांना सहसा देत नाहीत. पण ज्यांना चालतात त्यांच्यासाठी वाफांवर त्याहून गुणकारी काही नाही. पाळी थांबून फार वर्षं झाली नसतील आणि वय साठीच्या आत असेल तेव्हा हा विचार करण्याची वेळ योग्य असते. खासगी फी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखवता येतं. "या वयात असं चालायचंच" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. नियमित चालणाऱ्या बाईने औषध घेतलं तर तिचं चालणं वाया जात नाही. झोप झाली तर ती उलट जास्त चालेल.

आजपासूनच एक करा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतंच. त्यात गॅस कधी लावला ते लिहिता, दुधाचे खाडे लिहिता. त्याच चौकोनांत तीन गोष्टी लिहायला लागा: पाळी आली तर एक फुली, रात्री झोपमोड झाली तर एक टिंब, चाललात तर मिनिटांचा आकडा. तीन महिन्यांनी ती पानं काढून डॉक्टरांसमोर ठेवा. शेवटची पाळी कधी आली होती, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.